मधल्या मोकळ्या जागा

१९८६ साली आमच्या आत्याचं लग्न झालं आणि ती मस्कतला गेली. वडोदऱ्याच्या आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. परदेशी फोन म्हणजे खर्चाचं काम, आणि आजीला पत्र लिहायला बसायचा कंटाळा. मग बाबांनी टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवला आणि सांगितलं, "आई, बोल. ती समोर बसलीय असं समज." त्यानंतर मस्कतला जाणाऱ्या कुणाच्याही सामानात लाडवांच्या डब्याबरोबर एक कॅसेट जायची.

आत्या आता परत वडोदऱ्यालाच असते. आजीला जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत आत्याने चपलांच्या खोक्यातून नऊ कॅसेट आणून माझ्या हातात दिल्या. "तू इंजिनीअर ना? यांचं काहीतरी कर. वाजवायला यंत्रच राहिलं नाही."

जुन्या बाजारात एक टेप डेक मिळाला. त्यातून वायर काढून लॅपटॉपला जोडली. इथे घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट भरून घ्यायला साठ मिनिटंच लागतात. नऊ कॅसेट, अठरा बाजू, नऊ तास. सीडीच्या दर्जाचा आवाज ठेवायचा तर मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा जाते. सगळं मिळून साडेपाच जीबीच्या वर गेलं. एक कॅसेट यंत्रात गुंतली, तिची फीत चुरगळली. पण तिच्या दोन्ही बाजू आधीच भरून झाल्या होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो.

पुढचं काम माझ्या आवडीचं. एफएफएमपेग नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २००० साली सुरू केलं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: कुठली फाइल घे, तिचं काय कर, कुठे ठेव. आई म्हणते, "तुझा स्क्रीन बिघडलाय का रे?" पण अठरा फायलींवर तेच काम करायचं असेल तर अठरा वेळा क्लिक करण्यापेक्षा एक ओळ बरी. असंच सॉक्स नावाचं दुसरं हत्यार आहे. त्याला नुसत्या खरखरीचा एक तुकडा ऐकवला की तशी खरखर तो सगळीकडून कमी करतो.

मी पहिल्याच फाइलवर हात साफ केला. खरखर काढली. मग एफएफएमपेगला सांगितलं, ठरावीक पातळीखाली आवाज गेला आणि तो सेकंदभर तसाच राहिला, की तो भाग कापून टाक. तीस मिनिटांची बाजू एकवीस मिनिटांवर आली! मी खूश. साफ केलेली फाइल मी मूळ फाइलच्याच जागी ठेवली. बाकीच्या सतरा निदान वेगळ्या फोल्डरमध्ये काढायची बुद्धी मला झाली.

रविवारी आत्याला बोलावलं. स्पीकर लावला. आजीचा आवाज लख्ख आला. आत्याचे डोळे भरले. पण दोनच मिनिटांत ती म्हणाली, "अरे, ही अशी धावत का बोलतेय? आई अशी नव्हती बोलत."

आजी विचारत होती, "पाय सुजतात का गं? संध्याकाळी पाय वर घेऊन बसत जा."

"मध्ये ती थांबायची," आत्या म्हणाली. "मला पहिल्या वेळचे दिवस होते. तिथे घरात दिवसभर मी एकटी. आई विचारायची आणि थांबायची, मी समोर असल्यासारखी. मी स्वयंपाकघरात उभी राहून उत्तर द्यायचे, 'हो आई, सुजतात.' मग ती पुढचं बोलायची. आणि तो झोपाळा कुठे गेला?"

मी लॅपटॉप उघडून एक मूळ फाइल लावली. खरखर होती, पंख्याची घरघर होती. आजीचा प्रश्न आला आणि ती थांबली. त्या थांबण्यात आमच्या झोपाळ्याची कडी दोनदा कुरकुरली, आजोबा खोकले, खाली भाजीवाला गुजरातीत ओरडला. मग आजी म्हणाली, "हं. मग असं कर..." मी ज्याला शांतता समजून कापलं होतं, ती आत्याची बोलायची पाळी होती.

सतरा बाजू वाचल्या. पहिली मात्र मी स्वतःच्या हाताने पुसली होती, आणि चुरगळलेली कॅसेट नेमकी तीच. फीत सरळ करून, चिकटवून पुन्हा वाजवली. बरंच परत मिळालं. कॅसेटमध्ये सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर फीत सरकते, म्हणजे मिनिटभराचं बोलणं जवळजवळ तीन मीटर. तेवढी फीत मात्र कामातून गेली. तिथे आता गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. तेवढ्या मिनिटापुरती माझी 'साफ' केलेली फाइल हीच एकमेव नक्कल. दुसरीकडचा झोपाळा आणून तिथे जोडणं एका ओळीचं काम होतं. आत्याला विचारलं. ती म्हणाली, "नको. खोटं नको घालूस."

आता मी फार थोडं करतो. ८० हर्ट्झच्या खालचा भाग कमी करतो, म्हणजे विजेची ५० हर्ट्झची गुणगुण दबते. सुरुवातीची आणि शेवटची कोरी फीत तेवढी कापतो. झोपाळ्याला हात लावत नाही.

तुमच्याकडेही असं एखादं खोकं असेल, तर माझ्या चुकीवरून एवढं घ्या. कॅसेटमधून आलेली पहिली फाइल कधीही बदलू नका. ती फ्लॅकमध्ये ठेवा, त्यात जागा वाचते आणि आवाजातलं काहीच जात नाही. घरच्यांना पाठवायला एमपीथ्री वेगळी काढा. निदान दोन ठिकाणी प्रती ठेवा. कुठलाही प्रयोग आधी एका मिनिटाच्या तुकड्यावर करा. आणि काय काढायचं ते ठरवण्याआधी, ज्याच्यासाठी ते बोलणं होतं, त्याला एकदा ऐकवा.

आत्या हल्ली दुपारी मोबाइलवर लावून बसते. परवा मी गेलो तेव्हा दार उघडंच होतं. आतून आजीचा आवाज आला, "जेवलीस का गं?" झोपाळा कुरकुरला.

"जेवले आई," आत्या म्हणाली.

मी चपला काढून जरा वेळ बाहेरच थांबलो.