हॅपी बर्थडे, पण पाटावर!

घरात चार ते दहा वर्षांचं पोर असेल, तर तुमचे निम्मे वीकेण्ड तुमचे नसतातच. ते असतात बर्थडे पार्ट्यांचे! हॉल, थीम, फुग्यांची कमान, माइक हातात घेतलेला गेम्सवाला दादा आणि निघताना रिटर्न गिफ्ट. धमाल येते, नाही असं नाही. पण घरी परतताना गाडीत प्रश्न येतोच, ‘आपल्याकडे या वेळी काय करायचं?’

आम्ही दोघंही नोकरीवाले. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला हौसेनं हॉल घेतला होता. त्यानंतर मात्र सगळं घरच्या घरी. आणि वर्षातून दोनदा! तारखेला संध्याकाळी केक आणि बिल्डिंगमधली वानरसेना. तिथीला सकाळी औक्षण.

हे तिथी प्रकरण भलतंच मजेशीर आहे. लेक जन्मली २२ जानेवारी २०१८ ला, वसंत पंचमीला. चांद्रवर्ष असतं साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकते. मग अधिक महिना आला की टुणकन पुढे उडी! म्हणून २०२३ मध्ये तिची तिथी आली २६ जानेवारीला आणि २०२४ मध्ये थेट व्हॅलेंटाइन डेला. दर १९ वर्षांनी मात्र तिथी आणि तारीख जवळजवळ एकत्र येतात. म्हणजे हिचा मुहूर्त २०३७ चा. तुमचा एकोणिसावा वाढदिवस कॅलेंडरमध्ये शोधून बघा, गंमत वाटेल.

औक्षणाला तयारी ती काय? तेल-उटणं लावून आंघोळ, नवा फ्रॉक, पाटाभोवती रांगोळी. ताम्हणात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, अंगठी-सुपारी ओवाळायची, मग निरांजन. शिऱ्याचा घास आणि मोठ्यांना नमस्कार. आमच्याकडे गूळ-तीळ घातलेलं दूधही असतं. त्यासोबत सात चिरंजीवांची आठवण काढायची जुनी पद्धत. लेकीला त्यातला मारुती तेवढा ओळखीचा, त्यामुळे दरवर्षी गोष्ट त्याचीच. सगळं मिळून पंधरा मिनिटं. ऑफिसची बस चुकत नाही.

पण या पंधरा मिनिटांत एक गोष्ट मला सलायची. माझी आई आमच्याकडेच राहते. आम्ही ऑफिसात असताना लेकीला भरवणं, झोपवणं, शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं, सगळं तिच्याकडे. वाढदिवसाला पहाटे उठून रांगोळी तिचीच, शिराही तिचाच. आणि ओवाळायची वेळ आली की ती हळूच स्वयंपाकघरात जायची. कारण बाबा नाहीत. ‘सवाष्णीनं ओवाळावं गं. तुझ्या सासूबाई आहेत ना,’ एवढंच म्हणायची. मी भांडले, रडले, काही उपयोग नाही. सासूबाईही म्हणायच्या, ‘विहीणबाई, वर्षभर हिला भरवता तुम्ही आणि आजच आत काय करताय? या बाहेर.’ आई हसायची आणि गॅसकडे वळायची.

मग मे २०२२ मध्ये पेपरात बातमी आली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं नको, कुंकू पुसणं नको. त्याच महिन्यात इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं राज्य सरकारनं परिपत्रक काढलं. आईनं ती बातमी दोनदा वाचली. बोलली काहीच नाही. कात्रण मात्र पोथीत गेलं.

२६ जानेवारी २०२३. सुट्टीचा दिवस, त्यामुळे सगळे घरात. लेक पाटावर बसली आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, ‘आधी आजी.’ सासूबाईंनी काही न बोलता ताम्हण आईपुढे धरलं. आईनं पदराला हात पुसले. ‘अंगठी ठेवलीय का यात?’ असं अगदी मुकादमासारखं विचारलं आणि ओवाळायला लागली. कुंकू जरा तिरकं लागलं. लेकीनं ते दिवसभर पुसू दिलं नाही.

आता आमच्याकडे दोन्ही आज्या ओवाळतात, बाबा ओवाळतो, शेजारच्या लग्न न झालेल्या मावशीही ओवाळतात.

पार्टी जरूर करा, यार. थीमही ठेवा. पण एक सकाळ पाटासाठीही राखून ठेवा. आदल्या रात्री ताम्हण चिंचेनं घासून घ्या. आणि ओवाळायच्या आधी स्वयंपाकघरात एकदा डोकावा. तिथं कुणी मुद्दाम कामात असेल, तर पोरालाच पाठवा बोलवायला. आमच्या अनुभवानुसार, त्यांना नाही म्हणणं आज्यांना फारसं जमत नाही!