घड्याळांच्या बंगल्यात

बंगळूरला आलेला पर्यटक लालबाग पाहतो, विधानसौधासमोर फोटो काढतो आणि म्हैसूरची गाडी पकडतो. पण मुलासाठी किंवा होणाऱ्या जावयासाठी घड्याळ घ्यायचे मनात असेल, तर त्याने जालहळ्ळीला अवश्य जावे. तेथे एका जुन्या बंगल्यात २०१९ मध्ये एचएमटीचे वारसा संग्रहालय सुरू झाले.

जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. 'जनता'ला रोज किल्ली द्यावी लागे. सोनेरी 'कांचन' मात्र ऑटोमॅटिक! आतले अर्धगोल वजन हाताच्या हालचालीने फिरते आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. ना सेल, ना किल्ली. एके काळी लग्न ठरले, की वरपक्ष 'कांचन' मागे आणि वधूपित्याची झोप उडे. इथल्या काचेच्या कपाटांसमोर म्हणूनच अनेकांचे पाय रेंगाळतात.

हे पाहून 'कांचन'च घ्यावेसे वाटते. पण एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. जुने 'कांचन' मिळते. मात्र पुष्कळदा तबकडी नव्याने रंगवलेली आणि सुटे भाग दुसऱ्याच घड्याळाचे असतात. जाणत्या घड्याळजीला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

नवे हवे असेल, तर ओरिएंटचे 'बॅम्बिनो' खिशाला बरे. घुमटाकार काच, चामडी पट्टा, समारंभाला शोभेल असा साधेपणा. पाणी मात्र त्याला सोसत नाही. हात धुताना जपावे. सायकोचे 'प्रेसाज' महाग, पण त्याच्या तबकडीची झळाळी पाहत राहावी अशी आणि पाण्यालाही ते थोडे अधिक टिकते. काढून ठेवली, तर दोन्ही साधारण ४० तासांत थांबतात. दिवसाकाठी काही सेकंदांचा फरकही पडतो. अचूक वेळच हवी असेल, तर सेलवरचे स्वस्त घड्याळ सरस!

मग ऑटोमॅटिक कोणी घ्यावे? जो ते रोज वापरेल आणि काही वर्षांनी साफसफाईचा खर्च करील, त्याने. नुसते कपाटात ठेवायचे असेल, तर हौसेचे पैसे वायाच. आणि एक लक्षात असू द्यावे: घड्याळ आपण होऊन द्यावे, मागितले म्हणून नव्हे. 'कांचन'च्या काळी कित्येक वधूपित्यांना ते भाग्य लाभले नाही.