भिंतीतली दोरी

तंजावूरच्या आमच्या जुन्या घराची मधली भिंत हातभर जाड आहे. वीट आणि चुना यांची. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने तिच्यात तारा घालण्याचे काढले, तेव्हा अप्पा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. ही भिंत त्यांच्या आजोबांनी बांधलेली.

अप्पांना अलीकडे कमी ऐकू येते. त्यांच्याशी मराठीत बोलणारे समवयस्कही फारसे उरले नाहीत. माजघरात पडदा लावावा, चारी बाजूंना स्पीकर बसवावेत आणि आजोबांना मराठी नाटके दाखवावीत, अशी मुलाची कल्पना. ती त्याने मला तमिळमध्ये सांगितली, हे माझ्या ध्यानात नंतर आले. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांचे नाटक झाले, त्याच्या कितीतरी आधी या गावात शहाजीराजांनी (कारकीर्द 1684 ते 1712) मराठी नाटके रचली होती. त्याच गावात आता मराठी नाटक कानी पडावे म्हणून भिंत फोडायची होती.

मेस्त्री वयस्क आणि समजदार होता. त्याने आधी भिंत बोटांनी वाजवून पाहिली. झिरी शक्यतो उभी मारायची, आडवी टाळायची, असे त्याचे म्हणणे. आडव्या झिरीने वरचा भार पेलणारी वीटच कापली जाते. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल जाऊ द्यायची नाही. आवाजाच्या तारा विजेच्या तारांपासून चांगल्या हातभर दूर ठेवायच्या. ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडायच्या, नाहीतर आवाजात एक बारीक गुणगुण शिरते. झिरी बुजवायला त्याने सिमेंट घेतले नाही. जुन्या भिंतीत शिरलेली ओल चुना बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवते.

तारा त्याने गिलाव्यात पुरल्या नाहीत, नळीतून नेल्या. त्यांच्यासोबत एक नायलॉनची दोरीही आरपार सोडली आणि तिची दोन्ही टोके बाहेर ठेवली. ही कशाला, असे अप्पांनी विचारले. दोन दिवसांत ते प्रथमच बोलत होते. आजच्या तारा उद्या जुन्या होतील, मेस्त्री म्हणाला. तेव्हा भिंत पुन्हा फोडायला नको. नवी तार या दोरीला बांधायची आणि पलीकडून ओढून घ्यायची.

अप्पा आत गेले आणि लाकडी पेटीतून आजोबांचे कागद घेऊन आले. सगळे मोडीतले. आमच्या घरात मोडी आजोबांपर्यंत चालत आली. अप्पांना ती कोणी शिकवली नाही, मग मला कोठून येणार? सरस्वती महाल ग्रंथालयात भोसल्यांच्या दरबारची मोडी दप्तरे आहेत, आणि ती वाचू शकणारे थोडे. बृहदीश्वराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांचा इतिहास कोरविला तो देवनागरीत. म्हणून तो आजही आम्ही अडखळत का होईना, वाचतो. आमच्या पेटीतला कागद मात्र शाबूत असूनही मुका आहे. ठेवणाऱ्यांनी जपून ठेवला. दोरी तेवढी सोडायची राहिली.

चुना वाळायला काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी नाटक लागले. अप्पा पुढच्या खुर्चीत, मुलगा त्यांच्या पायाशी. मध्येच त्याने नाटक थांबवले आणि एका शब्दाचा अर्थ विचारला. या वेळी मराठीत, चुकतमाकत. अप्पांनी अर्थ सांगितला, मग तो शब्द त्यांची आई कोणत्या प्रसंगी वापरत असे तेही सांगितले. बोलणे लांबत गेले. त्या रात्री नाटक पुरे झाले नाही, आणि ते पुन्हा लावण्याची घाईही कोणी केली नाही.