मुंगोची माणसं

मेलबर्न

ती. आत्यास,


आटलेलं तळं बघायला एवढ्या लांब कशाला गेलात, असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नाही.

मिल्डुरा शहर सोडलं की मुंगो राष्ट्रीय उद्यान शंभरएक किलोमीटर. रस्ता बराचसा मातीचा, पाऊस झाला की बंद. तळ्यातलं पाणी जाऊन पंधराएक हजार वर्षं झाली. आता तळात खुरटी झुडपं, आणि पूर्वेच्या काठाला वाऱ्यानं रचलेली वाळू-मातीची लांबच लांब टेकडी. वारापाऊस ती झिजवत राहतो आणि पोटातलं बाहेर पडतं. चुलीची काळी राख, शिंपले, माशांची हाडं. मार्गदर्शक बाई तिथल्याच आदिवासी समाजातली. फळ्यांच्या वाटेपलीकडे तिच्यासारखं कुणी सोबत असल्याशिवाय जायचं नाही, आणि हा नियम मला फार पटला.

२००३ साली तिथं पावलांचे ठसे सापडले, सुमारे २०,००० वर्षांपूर्वीचे. ओल्या चिखलातून पोरं चाललेली, गडी जोरात पळालेले. ते जपायला पुन्हा वाळूखाली झाकलेत. आपण बघायची ती प्रतिकृती. एका पळणाऱ्याची टाच न् बोटं बघताना मला वारीतला, वारकरी धावत उतरतात तो धावाबावीचा उतार आठवला.

पण आत्या, मन अडकलं ते एका बाईपाशी. १९६८ साली जिम बाउलर या भूशास्त्रज्ञाला तिच्या जळक्या अस्थी दिसल्या. सुमारे ४२,००० वर्षांपूर्वी तिच्या माणसांनी तिला दहन दिलं, उरलेली हाडं फोडून पुन्हा जाळली, मग पुरली. आणि आपल्या गावच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळातला यादवांचा शिलालेख सातशे वर्षांचा म्हणून आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो!

त्या अस्थी सुटकेसमध्ये घालून कॅनबेराला नेल्या. १९७४ साली सापडलेल्या, अंगावर गेरू शिंपडून पुरलेल्या पुरुषालाही तिकडंच नेलं. बाई परत आली १९९२ला, तो २०१७ला. शोध मोठा होता, यात वाद नाही. तरी तिच्या लोकांना आधी विचारायला हवं होतं. आजोबांच्या अस्थी चंद्रभागेत पडेपर्यंत तू अन्नाला शिवली नव्हतीस. त्या लोकांनी पिढीभर वाट पाहिली.

२०२२ साली दोघांना पुन्हा मातीत ठेवलं. जागा जाहीर केली नाही. त्यावरूनही तिथल्या आदिवासींमध्येच मतभेद झाले. काहींना पुढच्या पिढ्यांना जाता येईल असं ठिकाण हवं होतं. मला त्यांचंही म्हणणं खरं वाटतं. तुला काय वाटतं, ते सवडीनं कळव.

तुझी भाची