जुनी जोडी

स्वित्झर्लंडांत हिवाळ्याच्या तोंडीं जुन्या स्कींचे बाजार भरतात. बर्फावरून घसरत जाण्याच्या या लांब, अरुंद फळ्या. शर्यतीच्या फळ्या फार ताठ असतात. पोलादी कडा जितकी तीक्ष्ण, तितकी कठीण बर्फावर पकड घट्ट. परंतु दर वेळीं धार लावतांना कडा झिजते, व ती फार बारीक झाली म्हणजे फळीचें आयुष्य सरलें.

असल्या बाजारांत आम्हीं एक चकचकीत जोडी घेतली. तळाला ताजें मेण होतें. त्याखालीं कडेशीं गेलेली चीर आम्हांस दिसली नाहीं. पहिल्याच उतारावर कडा निसटली आणि आम्ही आपटलों. बूट जखडणारा खटका वेळीं उघडला, म्हणून पाय वांचला.

पुढील वर्षीं तीच जोडी सांधून, मेण लावून आम्ही विकावयास बसलों. एक शाळकरी मुलगा वडिलांसह आला. गप्प राहिलों असतों तर पुरी किंमत मिळती. मन क्षणभर डळमळलें. अखेर मेण खरवडून आम्हीं ती चीर दाखविली. आभार मानून ते रिक्तहस्तें परतले.

जोडी अद्याप आमच्या माळ्यावर आहे. बालमित्रांनो, पैसे बुडाले खरे; पण आमच्या फळ्यांवरून कोणाचें मूल पडलें नाहीं, एवढें समाधान आम्हांस पुरे आहे.