दिसला का?

मे महिन्यात ताडोबात एकच प्रश्न विचारला जातो आणि त्यात कर्ता नसतो. "दिसला का?" कोण, ते विचारणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. पहाटे मोहर्लीच्या गेटवर जिप्सींची रांग लागलेली असते. चहाच्या टपरीपाशी काल संध्याकाळी आत जाऊन आलेली मंडळी भेटतात. त्यांना "जंगल कसं आहे हो?" असं विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आमच्यात बहात्तर वर्षांची आत्या होती. आम्ही मंगळवार धरून चाललो होतो, पण मंगळवारी ताडोबा बंद असतं. "का, वाघाचा उपास असतो का मंगळवारी?" असं फोनवर विचारून तिने बुधवारला होकार दिला. तिच्या मते आपण 'दर्शनाला' चाललो होतो, त्यामुळे आगाऊ बुकिंग, रांग, ओळखपत्र यातलं काहीच तिला वावगं वाटलं नाही.

मोबाईल आत न्यायचा नाही. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाचा हात खिशाकडे जायचा आणि ओशाळून परत यायचा. ताडोबाच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळात त्यांवरून दोरी ओवलेली असे आणि ती ओढून घंटेने पुढे निरोप धाडत, असं सांगतात. आता तोच रस्ता आणि पुन्हा बिनफोनचा निरोप. समोरून जिप्सी आली की दोन्ही ड्रायव्हर वेग कमी करतात. आमच्याने भुवई उचलायची, त्याने पंजा हलवायचा. नाही. मग चाक अर्धं पुढे सरकल्यावर: "कॉल होता, तेलियाकडे." की निघाली धूळ.

त्या धुळीतून आम्ही काय काय मागे टाकलं, त्याचा हिशेब मी नंतर मांडला. पांढरे मोजे घातलेला गवा, एवढा थोरला, की त्याच्या पाठीवरचा कोतवाल चिमणीएवढा वाटत होता. त्याला आम्ही दोन मिनिटं दिली. उघड्यावाघड्या सागांमध्ये एकच कुलूचं झाड भस्म फासल्यासारखं पांढरंफटक उभं होतं, त्याला काहीच नाही. मोहाला तांबूस कोवळी पालवी होती. बांबूतून स्वर्गीय नर्तक शेपटीची पांढरी फीत ओढत गेला, तेव्हा माझा भाचा म्हणाला, "पक्षीच आहे." त्या 'च'चा मला राग आला, पण नजर माझीही झाडांच्या बुंध्यांशीच पट्टे शोधत होती.

तेलिया तळ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आमच्या गाईड बाई बफरमधल्याच एका गावच्या, पस्तिशीच्या. त्यांनी नुसतं बोट वर केलं. वानराचा खकारा. मग चितळाची तीक्ष्ण, कोरडी हाक. झाडावर वानर आणि खाली चितळ, ही जोडी जुनीच. वरचा पाला टाकतो, खालचा खातो आणि पहारा दोघांचा. पण बाईंचा चेहरा हलला नाही. "चितळ कशालेही भिते जी. सांबर बोललं तर खरं." आणि मग सांबर बोललं. घशातून एकदाच, रिकाम्या पिंपावर थाप पडावी तसं. पाठीमागे एकामागून एक जिप्सी येऊन लागल्या. एवढी माणसं आणि एवढी शांतता, हे मी फक्त शोकसभेत पाहिलं होतं. सागाचं एक वाळकं पान फांद्यांवर आपटत, थांबत, पुन्हा आपटत खाली आलं, तर साऱ्या माना तिकडे वळल्या.

चाळीस मिनिटं. कोणी आलं नाही. सांबरही गप्प झालं. 'तुम्हाला वाघ दिसला नसला, तरी वाघाने तुम्हाला पाहिलं आहे' अशा अर्थाच्या पाट्या जंगलांच्या वाटेवर लावलेल्या असतात. पैसे आपण भरायचे आणि बघणार तो, ही समजूत माझ्या मनाला कधी पटलेली नाही.

परतताना बाईंनी गाडी थांबवली. "खाली उतरायचं नाही. वाकून पाहा." पिठासारख्या धुळीत टायरची नक्षी उमटली होती आणि त्या नक्षीवर पाऊल होतं. चार बोटं, मागे रुंद तळवा, तळव्याची मागची कड तीन ठिकाणी फुगीर. नखं नाहीत. कड अजून ढासळली नव्हती. "पगमार्क टायरच्या वर आहे, पाहा. म्हणजे मघाची गाडी गेली अन् मग तो गेला." आमच्या आणि त्याच्यामध्ये फक्त एका गाडीचं अंतर होतं. आत्याने बसल्या जागी हात जोडले. "पादुकांचं झालं," ती म्हणाली. आषाढीच्या गर्दीत कळस पाहूनच मागे फिरलेली बाई ती. तिला कमीपणा वाटायचं कारण नव्हतं.

ताडोबाच्या तळ्याकाठी एका मोठ्या झाडाखाली तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला आणि त्याच्या नावावरून ताडोबा, अशी कथा आहे. पौषात आदिवासींची जत्रा भरते. राज्यातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाच्या जंगलात आपण वाघ पाहायला येतो, हे मनात आल्यावर मी बाईंना विचारलं, की गावात भीती वाटत नाही का?

"वाटते ना जी. माय तेंदूपत्त्याले जाते. सकाळी अंधारातच निघते. दहा-पंधरा बाया मिळून, हाकारे देत." थोडं थांबून म्हणाल्या, "पाला तोडाले वाकलं की माणूस चार पायाचं दिसते त्याले."

मला मघाचं आम्ही धरलेलं मौन आठवलं. आम्ही तो यावा म्हणून श्वास रोखून बसलो होतो. त्याच वेळी पलीकडच्या रानात, तो येऊ नये म्हणून, बायका ओरडत पानं तोडत असणार.

गेटबाहेर आल्यावर बाईंना आमच्याच गाडीतून गावात सोडलं. ऊन आताच भाजायला लागलं होतं; चंद्रपूरचा पारा दुपारी ४६ च्या पुढे जातो. त्यांनी पाण्याला बोलावलं. परसात मांडवाच्या सावलीला त्यांची आई पाय पसरून बसली होती, मांडीशी पानांचा ढीग. सत्तर पानांचा एक पुडा. पान उचलायचं, डाव्या हातातल्या थप्पीवर ठेवायचं, अंगठ्याने दाबायचं. बोटं काळसर झालेली, कोपरापर्यंत ओरखडे. तिने मान वर करून आमच्या धुळीने भरलेल्या तोंडांकडे पाहिलं.

"दिसला का जी?"

"नाही," आत्या म्हणाली.

"आमालेही नाही," म्हातारी म्हणाली आणि हसली. मग जिथे सोडलं होतं तिथूनच तिने पुढे मोजायला घेतलं. एकेचाळीस. बेचाळीस.