सात-बारा कुणाचा काढायचा

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये कर्जतचा वार्ताहर म्हणून मी जे लिहिलं, त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच त्यातली चूक कळायला मला इतकी वर्षं लागली.

राज्यात तेव्हा सिंचन घोटाळ्याचा गदारोळ चालू होता. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये ओतूनही सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलं, असं सरकारच्याच आर्थिक पाहणीच्या आकड्यांवरून निघत होतं. २५ सप्टेंबरला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. या सगळ्याचं एक टोक आमच्या तालुक्यात होतं: राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीवर होऊ घातलेलं कोंढाणे धरण. ठेका एफ. ए. कन्स्ट्रक्शनकडे होता. खर्चाचा अंदाज बघता बघता फुगून सहाशे कोटींच्या वर गेला होता. वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू केल्याचा आक्षेप होता. माहितीच्या अधिकारात यातले कागद काढून ते चव्हाट्यावर आणणाऱ्यांत अंजली दमानिया पुढे होत्या.

मग त्यांनी याच घोटाळ्यावरून भाजपच्या नितीन गडकरींवर आरोप केले, गडकरींनी ते नाकारले, आणि चर्चा दमानियांवरच उलटली. धरणक्षेत्राजवळ त्यांची स्वतःची जमीन असल्याचं समोर आलं. जून २०११ मध्ये त्यांनी पाटबंधारे खात्याला लिहिलेलं पत्रही बाहेर आलं. आपली जमीन वगळावी, तिच्याऐवजी पलीकडची आदिवासींची जमीन घेता येईल, असा त्याचा आशय सांगितला जात होता. तालुक्यात शेतजमीन घेऊन, ती बिगरशेती करून प्लॉट विकल्याचा आरोप झाला. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे त्यांच्या शेतकरी असण्यावरही प्रश्न आला. आपण सगळं कायद्याने केलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला कागद मिळाले ते ओळखीच्या एका जमीन दलालाकडून. सात-बारा, फेरफार, सगळं व्यवस्थित क्लिप लावून. तो हे का देतोय, हे मी त्याला विचारलं नाही. तलाठ्याकडून नोंदी पडताळून घेतल्या आणि लिहीत सुटलो. एरवी जिल्ह्याच्या पानावर तळाला येणारी माझी बातमी पहिल्या पानावर आली, नावासकट. स्टँडवर लोक थांबवून बोलायला लागले. तालुक्यातल्या ज्या पुढाऱ्यांनी मला कधी खुर्ची दिली नव्हती, त्यांनी चहाला बोलावलं. त्यांना माझ्या बातमीचा आनंद का व्हावा, याचा विचार त्या दिवसांत मनात आला नाही.

त्याच काळात धरणाच्या फुगलेल्या अंदाजावर मी काय लिहिलं? काही नाही. सुधारित अंदाजपत्रकावर कुणाच्या सह्या आहेत, उंची वाढवायचं कुणी आणि कशासाठी ठरवलं, पाणी नेमकं कुणाला मिळणार होतं, हे विचारायला पाटबंधारेच्या कार्यालयात गेलो नाही. दमानियांची जमीन किती आहे, ते मला गुंठ्यांत पाठ होतं. कोंढाणे आणि चोचीतली किती घरं पाण्याखाली जाणार, हे मला माहीत नव्हतं.

आणि एक गोष्ट मी वाचकांना सांगितली नव्हती. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नाममात्र असतं, त्याचं घर चालतं जाहिरातींच्या कमिशनवर. माझ्या जाहिराती कुणाच्या होत्या? ‘मुंबईपासून दीड तासावर, नदीकाठी, फार्महाऊस प्लॉट’ असं लिहिणाऱ्यांच्या. दिवाळी पुरवणी त्यांच्यावरच निघायची. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्यांच्या पैशावर माझ्या मुलीची फी भरली गेली होती, आणि एका बाईने प्लॉट पाडले की नाही यावर मी आठवडाभर लिहीत होतो. ते कागद देणारा दलालही त्याच जाहिरातदारांतला होता. दमानियांची बाजू लावून धरणाऱ्या एखाद्याने माझं हे कमिशन तेव्हा उघड केलं असतं, तर माझ्या बातम्या खोट्या ठरल्या असत्या का? नसत्या ठरल्या. मग त्यांची जमीन निघाली म्हणून धरणाचे कागद कसे खोटे ठरत होते? एवढा साधा हिशेब मला तेव्हा जमला नाही, कारण तो जमवणं माझ्या सोयीचं नव्हतं.

ते पत्र छापण्याजोगं नव्हतं, असं मी आजही म्हणणार नाही. आपली जमीन वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीकडे बोट दाखवलं गेलं असेल, आणि तो दुसरा आदिवासी असेल, तर ते त्याला कळायला हवं. पण त्या दुसऱ्याकडे मी गेलो कधी? बातम्यांचा जोर ओसरल्यावर, धरणाच्या अंगाच्या एका वाडीत. तिथल्या एका वयस्कर कातकऱ्याची जमीन दळीची होती. दळी म्हणजे डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी करत आलेली, वनखात्याच्या वहीत नाव असलेली, पण सात-बारावर न चढलेली जमीन. त्याला एकच गोष्ट हवी होती: धरण झालं तर दळीची भरपाई मिळते की नाही, हे कुणीतरी सरकारला विचारून छापावं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्याचा दावा पडून होता. मी पुन्हा येतो म्हणालो. गेलो नाही. सात-बारा हातात धरून जमिनीचा प्रश्न शोधणाऱ्या माणसाला सात-बाराच नसलेली जमीन दिसली नाही, हे माझ्या पत्रकारितेचं खरं मोजमाप आहे.

२०१७ मध्ये हे धरण नवी मुंबईच्या पाण्यासाठी सिडकोकडे देण्याचं ठरलं, तेव्हा मी जुन्या वह्या काढल्या. त्या वाडीने २०१२ मध्ये काय मागितलं होतं, याची एक ओळही त्यात नव्हती. दमानियांच्या गट क्रमांकांनी पानं भरली होती. तो म्हातारा तोवर वारला होता. त्याच्या मुलाने मला ओळखलं, पाणीही दिलं, पण दाव्याचा कागद दाखवला नाही. त्याने दाखवावा असं मी काही केलंही नव्हतं.

प्रश्न सोडून प्रश्न मांडणाऱ्याच्या मागे लागण्याची ही खोड माझी एकट्याची नव्हती. २००६ च्या मार्चमध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ वरून १२१.९२ मीटर करण्याचं ठरलं, मेधाताई पाटकर दिल्लीत उपोषणाला बसल्या आणि एप्रिलमध्ये आमिर खान जंतरमंतरवर आंदोलकांना भेटायला गेला. तो कोका-कोलाची जाहिरात करत होता, आणि केरळात प्लाचीमडाचे गावकरी त्याच कंपनीशी भूजलासाठी भांडत होते. प्रश्न रास्त होता, आंदोलनातल्या लोकांनीही तो त्याला विचारला. पण चहाच्या टपरीपासून संपादकीयांपर्यंत बाटलीचीच चर्चा झाली, आणि आधी पुनर्वसन मग उंची, या मागणीचं काय झालं ते मागे पडलं. गुजरातेत त्याचा चित्रपट ‘फना’ लागू दिला नाही, त्याची बातमी पुनर्वसनाच्या बातमीहून मोठी झाली. मीही तेव्हा बाटलीवरच टाळ्या देत होतो.

तसाच प्रसंग पुन्हा आला. २ ऑगस्ट २०२३ ला खालापूर तालुक्यातल्या एन. डी. स्टुडिओत कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी आयुष्य संपवलं. चौक गावाजवळच्या माळावर २००५ पासून त्यांनी उभा केलेला तो स्टुडिओ, ‘जोधा अकबर’चे महाल, यांनी इथल्या कितीतरी सुतार-रंगाऱ्यांना काम दिलं होतं. २०१६ आणि २०१८ मध्ये ईसीएल फायनान्सकडून घेतलेलं कर्ज थकत थकत २५२ कोटींवर गेलं होतं आणि आठवडाभर आधीच कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली होती. देसाईंनी मागे ठेवलेल्या ध्वनिफितींत कर्ज देणाऱ्यांवर आरोप होते, कंपनीचं म्हणणं होतं की सगळं नियमाप्रमाणे झालं. दोन दिवसांत इथेही माणसं वाटली गेली: ‘कर्ज घेताना कळत नव्हतं का’ म्हणणारे आणि ‘वित्तकंपन्यांनी मारलं’ म्हणणारे. देसाईंचा थाट, त्यांची राजकारण्यांतली ऊठबस, याच्या गोष्टी मला आणून देणारे भेटले. कागद आणणाराही भेटला.

तेव्हा मी चौकला गेलो आणि सेटवर काम केलेल्या एका सुताराशी बोलत बसलो. त्याने विचारलं, असा स्टुडिओ दिवाळखोरीत गेला आणि आपली मजुरी राहिलेली असली, तर ती कितव्या नंबरला मिळते? मला सांगता आलं नाही. घरी येऊन २०१६ चा दिवाळखोरी कायदा काढला, कलम ५३ दोनदा वाचलं. कंपनी मोडून पैसे वाटायची वेळ आली, तर प्रक्रियेचा खर्च सगळ्यांत आधी. त्यानंतर कामगारांचं शेवटच्या २४ महिन्यांचं देणं आणि तारण घेऊन कर्ज देणारे, हे एका रांगेत. पण ठेकेदारामार्फत आलेला, हजेरीपटावर नाव नसलेला सुतार त्या ‘कामगारां’त धरला जाईलच असं नाही. धरला गेला नाही, तर तो माल पुरवणाऱ्यांच्या सोबतीला, बराच खाली. हे दुसऱ्या दिवशी त्याला फोनवर वाचून दाखवलं. त्याने ठेकेदाराची चिठ्ठी जपून ठेवावी का, असं विचारलं. मी हो म्हणालो, आणि बातमी त्या चिठ्ठीवरच लिहिली.